आगगाडीची शिट्टी आणि प्रवाशाचा मुक्काम : अंजूर–भिवंडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

रेल्वेमार्गालगतच्या लॉजमध्ये वा हॉटेलात मुक्काम करणाऱ्या प्रवाशाची रात्री वाजणाऱ्या शिट्टीने होणारी झोपमोड ही वरवर पाहता किरकोळ तक्रार वाटते. परंतु या तक्रारीमागे वाहतुकीचा, तंत्रज्ञानाचा, कायद्याचा आणि रुळांवर होणाऱ्या मृत्यूंचा दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील अंजूर–भिवंडी परिसर केंद्रस्थानी ठेवून या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. शिट्टी बंद करणे हा या प्रश्नावरील उपाय नसून शिट्टी ज्या कारणाने वाजवावी लागते ते कारण दूर करणे हाच खरा उपाय होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अंजूर, भिवंडी रोड, रेल्वेची शिट्टी, मुक्काम, ध्वनिप्रदूषण, रेल्वे फाटक.

प्रस्तावना

अंजूर हे भिवंडी तालुक्यातील गाव मराठ्यांच्या इतिहासात गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळे परिचित आहे. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेत (१७३७–१७३९) अंजूरकर नाईकांनी बजावलेली कामगिरी ‘साष्टीच्या बखरी’तून अभ्यासकांपुढे आली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला सर झाला. त्या काळी या मुलखातील दळणवळण खाडीतून चाले. भिवंडी हे खाडीवरचे बंदर होते आणि प्रवाशाचा मुक्काम भरती-ओहोटीच्या वेळेवर ठरत असे.

आज ‘अंजूर’ हे नाव अनेकांच्या तोंडी ‘अंजूरफाटा’ या रूपाने येते. चिंचोटी–कामण–अंजूरफाटा–माणकोली हा रस्ता येथे ठाणे–भिवंडी रस्त्यास मिळतो आणि वसई–दिवा लोहमार्गावरील ‘भिवंडी रोड’ हे स्थानक याच भागात आहे. यंत्रमाग आणि गोदामे यांमुळे व्यापारी, कारागीर, ट्रकचालक यांची येथे सतत ये-जा असते. यांपैकी ज्यास रात्री येथेच राहावे लागते, त्याच्या वाट्याला मालगाड्यांचा खडखडाट आणि भोंगाही येतो. येथपर्यंत हा भोंगा कसा पोहोचला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अंजूर–भिवंडी परिसरात रेल्वेच्या ध्वनीचा प्रवेश कसा झाला, हे पाहणे.
२) शिट्टीचे प्रयोजन आणि तिचे बदलते स्वरूप समजून घेणे.
३) प्रवाशाची विश्रांती आणि रुळांवरील सुरक्षितता यांतील विरोध कसा हाताळला गेला, याचा तौलनिक विचार करणे.

रेल्वेपूर्व काळातील रात्र

रेल्वे येण्यापूर्वीची रात्र नि:शब्द होती, असे समजण्याचे कारण नाही. नगारखान्यातील चौघडा, पहारेकऱ्याची हाळी, देवळातील घंटा असे आवाज होतेच. पेशवाईतील पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर हिंडण्यास मनाई होत असे. मात्र या ध्वनींचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. रात्रीची तोफ ही विश्रांतीची वेळ झाल्याची खूण होती. म्हणजे तो आवाज शांततेची सुरुवात करून देई. रेल्वेची शिट्टी याहून वेगळी ठरली. तिला दिवस आणि रात्र असा भेद नव्हता. गाडी जेव्हा येईल तेव्हा ती वाजणार, आणि ऐकणाऱ्याने सावध व्हावे एवढीच तिची अपेक्षा होती. पुढे मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांचा भोंगाही असाच लोकांच्या दिनक्रमाचा भाग बनला. पण तो निदान पाळीच्या ठरलेल्या वेळी होई.

शिट्टीचे आगमन

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी असा तो थाट होता. सुमारे २१ मैलांचा हा मार्ग १ मे १८५४ रोजी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचला. ‘चाक्या म्हसोबा’ हे इंजिनाला मिळालेले लोकनाम त्या वेळच्या विस्मयाची आणि भयाची साक्ष देते. गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात या नव्या वाहनाची दखल घेतली आहे.

हा मूळ मार्ग खाडीच्या दक्षिणेकडून गेल्याने भिवंडी आणि अंजूर त्यातून वगळले गेले. ठाणे व कल्याण ही रेल्वेची गावे झाली. भिवंडी मात्र रस्त्याचे आणि बंदराचेच गाव राहिले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात, दिवा–वसई मार्गाने मध्य आणि पश्चिम रेल्वे जोडल्या गेल्या, तेव्हा रेल्वे या बाजूस आली. हा मार्ग मुख्यतः मालवाहतुकीचा आणि मुंबई शहर टाळून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आहे. उपनगरी गाड्यांची वर्दळ मध्यरात्रीनंतर ओसरते. मालगाडीला मात्र तसा खंड नसतो. २०२० मध्ये मध्य रेल्वेने भिवंडी रोड स्थानकातून पार्सल गाड्या सुरू केल्या, त्यामुळे या स्थानकाचे महत्त्व आणखी वाढले. ज्या कारणाने प्रवासी येथे मुक्कामास येतो, त्याच व्यापारामुळे त्याची झोपही मोडते, हे या परिसराचे वैशिष्ट्य होय.

वाफेच्या शिट्टीपासून हवेच्या भोंग्यापर्यंत

इंजिनावरील शिट्टीचा वापर इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात सुरू झाला. बाष्पकातील वाफ अरुंद फटीतून घंटेसारख्या भांड्याच्या कडेवर आदळली की तीव्र स्वर निघे. भारतात ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवरील पहिली गाडी धावली. पुढे डिझेल आणि विजेची इंजिने सर्वत्र आली; वाफ गेली आणि तिच्या जागी दाबाखालील हवेवर चालणारा भोंगा आला. लोकभाषेत मात्र त्यालाही ‘शिट्टी’च म्हणतात.

या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. वाफेचे इंजिन आपल्या धापांनीच दुरून आपली वर्दी देई. विजेवरील गाडी त्या मानाने मूकपणे जवळ येते. परिणामी, पूर्वी संपूर्ण इंजिन जे काम करी ते एकट्या भोंग्यावर येऊन पडले. गाडी जितकी वेगवान आणि शांत, तितकी इशाऱ्याची गरज अधिक, असा हा उलटा हिशोब आहे.

लोहमार्गालगत पिवळ्या फलकावर ‘सी/फा’ अशी अक्षरे दिसतात. ‘सीटी–फाटक’ असा त्यांचा अर्थ असून पुढे फाटक आहे, तेव्हा शिट्टी वाजवावी, अशी ती चालकास सूचना असते. म्हणून चालकाच्या दृष्टीने शिट्टी ही मर्जीची बाब नसून कर्तव्य आहे. मुक्कामाच्या जागेजवळ असा फलक, वळण किंवा लोकांनी पाडलेली पायवाट असेल, तर तेथे रात्रभर भोंगे ऐकू येणे क्रमप्राप्तच ठरते.

रात्री आवाज अधिक का जाणवतो?

यामागे तीन कारणे संभवतात. पहिले, रात्री रस्त्यावरील व कारखान्यांतील इतर गोंगाट कमी झाल्याने एकच आवाज उठून दिसतो. दुसरे, स्वच्छ व निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. अशा वेळी वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात आणि दूरवर पोहोचतात. तिसरे, खाडीचा सपाट जलपृष्ठ ध्वनी फारसा शोषत नाही.

अमेरिकेतील नियमानुसार इंजिनाचा भोंगा १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. या हिशोबाने ८०० फुटांवर ती ७८ ते ९२ राहील. बंद खिडकी वीसएक डेसिबल अडवते असे धरले, तरी खोलीत ५८ ते ७२ डेसिबल उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहातील एकेका आवाजासाठी ४५ डेसिबल ही मर्यादा सुचविली होती, हे पाहता झोपमोड हा प्रवाशाच्या नाजूकपणाचा भाग नाही, हे स्पष्ट होते.

स्थानिक रहिवाशांना ‘सवय होते’ असे म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. सवयीने जाग येणे कमी होते; परंतु झोपेतही आवाजासरशी हृदयाची गती वाढत असल्याचे संशोधनात दिसून आले आहे. याच संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रेल्वेच्या रात्रकालीन आवाजाची सरासरी ४४ डेसिबलच्या आत असावी, अशी शिफारस केली.

कायदा आणि त्याची मर्यादा

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५ डेसिबल अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या शांततेचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. तथापि, या मर्यादा सरासरी पातळीच्या आहेत. तासाभरात दोन-तीनदा काही सेकंद वाजणारा भोंगा सरासरीत विरून जातो, पण झोप मात्र त्या काही सेकंदांतच मोडते.

शिट्टी थांबविली तर?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष इतिहासाने दिले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९८४ नंतर रहिवाशांच्या मागणीवरून एका रेल्वेच्या अनेक फाटकांवर रात्रीची शिट्टी बंद करण्यात आली. त्या फाटकांवरील रात्रीच्या अपघातांचे प्रमाण जवळपास तिप्पट झाले आणि १९९१ मध्ये संघीय प्रशासनास ती बंदी तातडीने उठवावी लागली. पुढे २००५ च्या नियमाने मधला मार्ग स्वीकारला. फाटकावर अतिरिक्त अडथळे व सुरक्षेची साधने उभारली, तरच ‘शांत पट्टा’ घोषित करता येतो. ब्रिटनमध्ये २००७ पासून शिट्टीच्या फलकांपाशी रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत नित्याची शिट्टी न वाजविण्याची पद्धत आली. २०१६ मध्ये सुरक्षेच्या विचाराने ही वेळ मध्यरात्र ते सकाळी ६ अशी कमी करण्यात आली.

आपल्याकडे प्रश्न अधिक बिकट आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ मध्ये असा अंदाज मांडला, की रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी क्षेत्रात. या आकड्यांपुढे एका रात्रीच्या झोपेची तक्रार मांडताना कोणीही संकोचेल. पण हा संकोचच प्रश्नाला चुकीचे वळण देतो. भोंगा अखंड वाजत असतानाच हे मृत्यू झाले आहेत. याचा अर्थ केवळ आवाज वाढवून जीव वाचत नाहीत.

मुंबईतील वडाळा येथील प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. २००९–१० च्या सुमारास ‘फायनल माइल’ या वर्तनशास्त्रीय सल्लागार संस्थेच्या साहाय्याने मध्य रेल्वेने तेथे एका दीर्घ भोंग्याऐवजी मध्ये विराम असलेल्या दोन तुटक शिट्ट्या वापरल्या. वेगाचा अंदाज यावा म्हणून काही स्लीपर पिवळे रंगविले आणि भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. त्यानंतर तेथील मृत्यू लक्षणीय घटल्याचे नोंदले गेले. तीन उपाय एकत्र असल्याने श्रेय केवळ शिट्टीस देता येणार नाही. तरीही इशारा परिणामकारक होण्यासाठी तो लांबच असावा लागतो असे नाही, हे यातून सूचित होते.

प्रवाशाच्या हाती असलेले उपाय

प्रवाशाने खोली घेण्यापूर्वी रुळांची दिशा विचारावी. रुळांकडे पाठ असलेली खोली मिळाल्यास इमारतीचाच आडोसा होतो. खिडकीची फट बुजविणे, कानात बोळे घालणे, पंख्याचा संथ आवाज चालू ठेवणे हे साधे उपाय उपयुक्त आहेत. पंख्यामुळे शांतता आणि भोंगा यांतील तफावत कमी होते. लॉजचालकांनी दुहेरी काचा बसविणे आणि खोली देताना रुळांच्या सान्निध्याची कल्पना देणे अपेक्षित आहे. मात्र ट्रकच्या केबिनमध्ये झोपणाऱ्या चालकास किंवा रुळांलगतच्या चाळीतील यंत्रमाग कामगारास खोली बदलून मागता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

निष्कर्ष

१) अंजूर–भिवंडी परिसरात रेल्वे उशिरा आली आणि ती मुख्यतः मालवाहतुकीसाठी आली, त्यामुळे तिचा आवाज रात्रीही थांबत नाही.

२) शिट्टी हा रुळांवरून माणसांना जावे लागते या वस्तुस्थितीचा ध्वनी आहे. जेथे पादचारी पूल, भुयारी मार्ग व कुंपण नाही, तेथे ती वाजणारच.

३) ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपुष्टात आणली गेली. सुरक्षेसाठी केलेले हे काम शांततेच्याही उपयोगी पडते. म्हणजेच झोप आणि जीव या परस्परविरोधी मागण्या नसून दोहोंचा उपाय एकच आहे.

४) मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा ठाणे डेपो भरोडी–अंजूर भागात आखला गेला आहे. मुख्यतः उन्नत असलेल्या या मार्गावर फाटक नाही आणि कडेला ध्वनिरोधक भिंती आहेत. नव्या मार्गाच्या आखणीत जो विचार आरंभापासून झाला, तोच विचार शेजारच्या जुन्या मार्गासाठीही व्हावयास हवा.

गंगाजी नाईकांच्या गावाने खाडी, रस्ता आणि रेल्वे अशी वाहतुकीची तीन युगे पाहिली. येथे मुक्कामास येणाऱ्या प्रवाशास आणि येथे कायमचा राहणाऱ्या कामगारास निवांत रात्र मिळावी, ही अपेक्षा चैनीची मानता कामा नये. त्यासाठी चालकाने शिट्टी वाजवू नये असे म्हणण्याऐवजी, ती वाजविण्याची वेळच त्याच्यावर येऊ नये अशी व्यवस्था उभी करणे अगत्याचे आहे.