धर्मग्रंथ व परंपरा (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धेचे अंतिम प्रमाण केवळ बायबल हा धर्मग्रंथ, की त्याच्या जोडीने चर्चने जतन केलेली परंपराही, हा कॅथलिक व प्रॉटेस्टंट पंथांतील मूलभूत वाद होय. वेदप्रामाण्य व शिष्टाचार यांविषयीच्या भारतीय चर्चेशी त्याचे काही अंशी साम्य आहे. मार्टिन ल्यूथरने १५१७ पासून चर्चमधील गैरप्रकारांवर टीका केली. १५२१ मध्ये व्होर्म्स येथील सभेत, धर्मग्रंथ वा स्पष्ट युक्तिवाद यांनी खोडून काढल्याशिवाय आपली मते मागे घेण्यास त्याने नकार दिला. ‘केवळ धर्मग्रंथ’ हे पुढे प्रॉटेस्टंट पंथाचे सूत्र ठरले. उलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी प्रेषितांपासून चालत आलेल्या अलिखित परंपरांनाही ग्रंथाइतकेच आदरणीय मानले आणि ग्रंथाचा अर्थ चर्चच्या मताविरुद्ध लावण्यास मनाई केली. कोणते ग्रंथ पवित्र, हे मुळात चर्चनेच ठरविले, हा कॅथलिकांचा युक्तिवाद. तर परंपरेत मानवी प्रमाद शिरतात, म्हणून तिची कसोटी ग्रंथच असला पाहिजे, हा प्रॉटेस्टंटांचा. ग्रंथांच्या संख्येतही भेद राहिला : कॅथलिक बायबलात ७३, तर प्रॉटेस्टंट बायबलात ६६ ग्रंथ आहेत.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची घडणही ह्या भेदाशी निगडित आहे. गोव्यातील जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस स्टीफन्स ह्याने बायबलाचे भाषांतर केले नाही; त्यातील कथा ओवीबद्ध पुराणाच्या रूपाने सांगितली. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. श्रोत्यांना परिचित असलेल्या पुराणश्रवणाच्या मार्गाने चर्चची शिकवण येथे लोकांपर्यंत गेली. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मात्र मूळ ग्रंथ वाचकाच्या हाती देण्यास अग्रक्रम दिला. विल्यम कॅरी ह्याच्या श्रीरामपूर मिशनने १८०५ मध्ये मत्तयचे शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत प्रसिद्ध केला.

ग्रंथ वाचकाच्या हाती आल्यावर त्याचा अर्थ कोणी लावावयाचा, हा प्रश्न प्रॉटेस्टंटांपुढेही उभा राहिला. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघ चर्चच्या परंपरेला मोठे महत्त्व देणारा होता. एका पुरोहितशाहीतून सुटल्यावर दुसरी पतकरण्यास रमाबाई तयार नव्हत्या. बायबलात स्पष्ट आधार न दिसणारी मते केवळ चर्चच्या शब्दावर मान्य करण्याचे त्यांनी नाकारले. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषांतर सिद्ध केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकात हीच कसोटी वर्धा येथे चर्चच्या आचरणाला लावली गेली. तंजावरच्या प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्यातील मगनवाडीत करीत. तुरुंगवासात लिहिलेल्या व १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येशूविषयीच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी येशूची शिकवण व तिचे आचरण यांनाच प्रमाण मानले. साम्राज्य व युद्ध यांना साथ देणारे चर्च ह्या कसोटीस उतरत नाही, असे त्यांचे मत होते. ह्या पुस्तकाला महात्मा गांधींनी प्रस्तावना लिहिली. पवनार येथे १९५९ मध्ये ब्रह्मविद्यामंदिर स्थापणारे विनोबा भावे यांनीही बायबलातील निवडक वचनांचे ख्रिस्तधर्म-सार संकलित केले. चर्चबाहेरच्या अभ्यासकाने स्वतःच्या विवेकाने केलेली ही निवड होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ग्रंथ व परंपरा हे एकाच दैवी उगमातून आलेले आहेत, असे प्रतिपादिले आणि सर्व श्रद्धावंतांना बायबल सुलभ व्हावे, असा आग्रह धरला. इतर पंथीयांबरोबर संयुक्त भाषांतरे करण्यासही तिने अनुमती दिली. दुसरीकडे, १९६३ मध्ये माँट्रिऑल येथे भरलेल्या परिषदेत प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स प्रतिनिधींनी शुभवर्तमान हेच मुळात परंपरेने पोहोचलेले आहे, हे मान्य केले. ह्यामुळे विरोध सौम्य झाला. तथापि अर्थनिर्णयाचा अंतिम अधिकार कोणाचा, ह्याविषयी मतैक्य झालेले नाही.