पागेतला बारगीर

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. बारगिराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. ऐपत नसलेल्या कुणब्याधनगरांच्या पोरांना वर चढण्याची ही एक वाट होती. 1697 साली लिहिलेल्या बखरीत सभासदाने पागेची रचना सांगितली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद. शिवाजीमहाराजांनी शिलेदारांनाही पागेच्याच हुकमतीत ठेविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घोडा आपला नसला तरी त्याचा जीव आपल्या हाती, ही जाणीव पोरसवदा स्वारास पागेतच होई. राज्याभिषेकाच्या (1674) सुमारास चिपळूणच्या छावणीस गेलेल्या पत्रात महाराज वैरण पुरवून वापरण्यास बजावतात. जळती वात उंदीर ओढून नेतील, गवत पेटेल आणि घोडी प्राणास मुकतील, एवढ्या बारकाव्यापर्यंत हा राजा उतरतो!

मेंढरे राखणारा मल्हारराव होळकर (1693–1766) कदमबांड्यांच्या फौजेत चाकरीस राहिला आणि पुढे पेशव्यांचा माळव्यातील सुभेदार झाला. अशी नावे थोडीच. बाकीचे बारगीर दसऱ्याला मोहिमेवर निघत आणि पावसाळ्याला छावणीत परतून पुन्हा खरारा हाती घेत.