पुरुषांमधील संप्रेरकोपचार व इस्ट्रोजेनचे दुष्परिणाम

टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिल्याने, किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात त्याचे काम बंद पाडल्याने, पुरुषाच्या शरीरातील इस्ट्रोजेनचा तोल ढळतो. स्तनग्रंथी वाढणे, स्तनाग्र हुळहुळे होणे, पायांवर सूज येणे या तक्रारी इस्ट्रोजेन वाढल्याने होतात. अंगातून वाफा निघणे आणि हाडे ठिसूळ होणे या तक्रारी ते फार कमी झाल्याने होतात.

इस्ट्रोजेन पुरुषालाही लागते. ॲरोमॅटेज या विकरामुळे टेस्टोस्टेरॉनचा काही अंश इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पुरुषातील इस्ट्राडायॉलपैकी सुमारे ८० टक्के अशा रीतीने वृषणांबाहेर, विशेषतः चरबीच्या ऊतीत तयार होते. म्हणूनच सारख्याच मात्रेचे इंजेक्शन सडपातळ माणसाला सोसते आणि पोट सुटलेल्याला बाधते. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राहकच (रिसेप्टर) निकामी होता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि अजून वाढत होती, कारण हाडांची टोके जुळलीच नव्हती. शिवाय हाडे विरळ झाली होती. २०१३ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी निरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगातून दिसले, की स्नायूंचे वजन व ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असली तरी चरबी वाढते ती मुख्यतः इस्ट्रोजेन घटल्याने, आणि कामेच्छेला दोन्ही लागतात. इस्ट्रोजेन शून्यावर आणणे हे उपचाराचे उद्दिष्ट असूच शकत नाही.

टेस्टोस्टेरॉन पूरक म्हणून घेणाऱ्यांत छातीची तक्रार बहुधा पहिल्या काही महिन्यांत सुरू होते. आधी स्तनाग्राला सदरा घासला तरी दुखते, मग त्याखाली गोळा लागतो. तपासताना डॉक्टर रुग्णाला उताणा झोपवून अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे आणत जातात. ग्रंथी वाढली असेल तर बोटांच्या मधोमध रबरासारखी लवचिक चकती लागते. नुसती चरबी असेल तर बोटे काहीही न अडखळता एकमेकांना भिडतात. ही साधी तपासणी रक्ताच्या महागड्या चाचणीपेक्षा अनेकदा जास्त सांगून जाते. पुरुषांतील इस्ट्राडायॉलचे प्रमाण मुळात इतके अल्प असते, की नेहमीच्या प्रयोगशाळांतील पद्धतीने काढलेला आकडा फारसा भरवशाचा नसतो. तक्रार नसताना केवळ आकडा पाहून इस्ट्रोजेन रोखणारी गोळी सुरू करणे चूक आहे.

संप्रेरकाला दोष देण्याआधी इतर कारणे तपासावी लागतात. यकृताचा सिरॉसिस, मूत्रपिंड निकामी होणे, थायरॉइडचा अतिरेक, दारू, तसेच स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे यांनीही छाती वाढते. वयात येणाऱ्या मुलांची वाढलेली छाती बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आत आपोआप ओसरते.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे मात्रा पाहणे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेतले की पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन उसळी मारते आणि त्यामागून इस्ट्राडायॉलही चढते. तीच मात्रा विभागून दिली, कमी केली किंवा जेलचा पर्याय निवडला तर बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. वजन उतरवणे हा संथ पण खरा उपाय. एवढ्याने भागले नाही, तर टॅमॉक्सिफेन दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम काही महिने देतात. हे औषध स्तनातील इस्ट्रोजेनच्या ग्राहकावर जाऊन बसते. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून पूर्वी असा त्रास झालेल्यांत ते टाळतात. ॲनास्ट्रोझोल ॲरोमॅटेजलाच रोखते. व्यायामशाळांत त्याचा बोलबाला मोठा. पण वाढलेल्या छातीवर ते टॅमॉक्सिफेनइतके गुणकारी नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडांना महागात पडते. औषधांचा उपयोग नवीन, दुखऱ्या गाठीवर होतो. वर्ष उलटून गेले की ग्रंथीच्या जागी तंतुमय ऊती तयार होते आणि मग शस्त्रक्रियेखेरीज इलाज राहत नाही. लाजेपायी घट्ट बनियन घालून वर्ष काढणारे रुग्ण हीच संधी घालवतात.

प्रोस्टेटच्या कर्करोगातील स्थिती वेगळी. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की वृषणे काढल्याने किंवा इस्ट्रोजेन दिल्याने हा कर्करोग माघार घेतो. १९६६ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.  मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२४ रुग्णांना किरणोपचारांसोबत किमान दोन वर्षे पुरुषसंप्रेरक रोखणारे उपचार दिले गेले. इतका काळ संप्रेरकाविना काढणाऱ्यांच्या हाडांकडे लक्ष द्यावेच लागते, कारण टेस्टोस्टेरॉन गेले की त्यापासून बनणारे इस्ट्रोजेनही जाते. अशा रुग्णांना हाडांची घनता मोजणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, चालण्याचा व्यायाम आणि गरजेनुसार झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब यांचा सल्ला देतात. वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते आणि स्वस्त पडते, म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात ती आजही केली जाते.

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी एकट्या बायकॅल्युटामाइडवर ठेवलेल्या रुग्णांत उलट घडते. हे औषध टेस्टोस्टेरॉनचा ग्राहक अडवते, पण टेस्टोस्टेरॉन कमी करत नाही. उलट टेस्टोस्टेरॉन वाढते आणि त्याच्या काही अंशाचे इस्ट्राडायॉल होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत नुसते बायकॅल्युटामाइड घेणाऱ्या ७३ टक्के रुग्णांची छाती वाढली. सोबत ॲनास्ट्रोझोल दिलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के, तर टॅमॉक्सिफेन दिलेल्यांत अवघे १० टक्के राहिले. उपचारापूर्वी छातीवर अल्प किरणोपचार देणे हा दुसरा प्रतिबंधक मार्ग आहे.

सोयाबीन खाल्ल्याने पुरुषाची छाती वाढते, ही शंका हिंगोलीसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात विचारली जाणे साहजिक आहे. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन ही वनस्पतिजन्य द्रव्ये इस्ट्रोजेनशी दूरचे साम्य राखतात. परंतु अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण पाहता नेहमीच्या आहारातील प्रमाणाने पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन वा इस्ट्रोजेन बदलत नाही. सोयाबीनच्या तेलात तर ही द्रव्ये जवळपास नसतात.

खरा धोका औषधांच्या बाजारू वापरात आहे. भारतात पुरुषसंप्रेरके व तत्सम औषधे परिशिष्ट एचमध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही शरीर कमावण्यासाठी ती घेतली जातात, आणि छाती वाढू लागली की ऐकीव माहितीवर टॅमॉक्सिफेन किंवा ॲनास्ट्रोझोल जोडले जाते. ही दोन्ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, त्यामुळे स्पर्धेत उतरणारा मल्ल दुष्परिणाम लपवायला जाऊन दुहेरी अडकतो. शिवाय बाहेरचे टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती दाबते. मूल हवे असलेल्या पुरुषाला ते देऊच नये. तिथे तज्ज्ञ क्लोमिफेनसारख्या औषधांचा विचार करतात.

गाठ एकाच बाजूला असेल, दगडासारखी कठीण असेल, स्तनाग्रापासून बाजूला लागत असेल, स्तनाग्र आत ओढले गेले असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग नाही ना हे आधी पाहावे लागते. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण एक टक्का पुरुषांत होतो. हिंगोली जिल्ह्यातील साखरा व आसपासच्या गावांतील रुग्णाने अशा वेळी गावातल्या उपचारांवर दिवस न घालवता हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे आणि सुरू असलेल्या सर्व गोळ्या-इंजेक्शनांची वेष्टने सोबत न्यावीत.