राजापूरचे दुभाषे

राजापूरची वखार म्हटली की आमच्याकडे १६६१ ची स्वारी सांगतात. पन्हाळ्याच्या वेढ्यात वखारवाल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले आणि वर आपले निशाणही फडकवले. शिवाजी महाराजांनी राजापुरावर येऊन वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह मंडळींना कैदेत टाकले. पुढे भरपाईची बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळली. फ्रेंच कागदांच्या भाषांतरावर माझे पोट चालते. म्हणून असेल, मला ती बोलणी स्वारीइतकीच मोलाची वाटतात. त्यांत इंग्रजांचा दुभाषी होता नारायण शेणवी.

१६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या आधी तोच रायगडावर गेला. एप्रिलमधले त्याचे पत्र इंग्रजांच्या दप्तरात टिकले आहे. राजा सोन्यारत्नांचे सिंहासन घडवून घेतो आहे, जूनमध्ये राज्याभिषेक होणार, ही बातमी त्याने मुंबईला कळवली. ऑक्झिंडेन निघण्याआधी गडावरची हवा इंग्रजांना कळली ती शेणव्यामुळे. महाराजांकडच्या निराजी पंतांच्या मध्यस्थीने तह झाला आणि राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन ठरले. इतिहासात गाजला तो ऑक्झिंडेन. शेणव्याचे नाव शाळेत मला कुणी सांगितले नाही, याची खंत आहे.

राजापूर तेव्हा मोठी पेठ होती. अणुस्कुऱ्याच्या घाटाने बैलांवरून मिरी उतरे, खाडीतून जैतापूरकडे जाई. महाराजांच्या बंदरांतून इराण, बसरा, मोख्याकडे जहाजे जातात, असे सुरतेच्या इंग्रजांनी १६६५ मध्ये लिहून ठेवले. फ्रेंचांचीही वखार इथे होती. आबे कारे हा फ्रेंच प्रवासी इथे येऊन गेला. या किनाऱ्यावर गोऱ्यांशी बोलायला बहुधा पोर्तुगीजच चाले, म्हणजे फ्रेंच माणसाचे म्हणणे आधी पोर्तुगीजमध्ये आणि मग मराठीत यायचे. दरबारी कागदाला फारसी लागे, मोख्याच्या खलाशाला अरबी. शिवाय खंडीचे वजन बंदरागणिक बदलणारे. मिरीचा सौदा तोंडाने जुळवायचा तर ही खंडी कुठली हे दुभाष्याला पाठच हवे, नाहीतर दोन्हीकडचे त्याच्यावरच उलटणार. व्याकरण चोख असून तिथे भागत नसे.

पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानी वकिलांवर आणि मध्यस्थांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात हिंदू, मुसलमान, यहुदी, पारशी सगळे आहेत. तो पोर्तुगीजमध्ये आहे. मराठीत त्या तोडीचे काम राजापूर आणि दाभोळच्या माणसांवर व्हायला हवे, आणि ते आपणच करायला हवे.

दुभाष्यांचे काम अजून सरलेले नाही. डिसेंबर २०१० मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी फ्रेंच कंपनीशी करार झाला. माडबनच्या सड्यावर सहा अणुभट्ट्या उभारायच्या होत्या. फ्रेंच पुन्हा त्याच खाडीच्या तोंडाशी आले. तालुक्यातली पोरे आखाताच्या नोकऱ्यांसाठी दाखले अरबीत करून घेतात ते वेगळेच. मोख्याच्या वाटेवर आमची माणसे आजही आहेत, आणि त्यांचे कागद कुणीतरी बसून उतरवतेच आहे.