पंडिता रमाबाईंची भाषांतर-साधना

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातील पुष्कळसे धर्मांतराच्या वादाभोवती फिरते. १८८३ चा बाप्तिस्मा आणि १८९३ मध्ये पुण्यात शारदासदनावर उठलेले वादळ या दोन प्रसंगांनी अभ्यासकांचे लक्ष इतके वेधून घेतले की, आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे ज्या कार्यात गेली ते संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर बाजूस पडले. वस्तुतः रमाबाईंच्या श्रद्धेचे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल, तर वादविवादांपेक्षा हे कार्य अधिक विश्वसनीय साक्षीदार आहे. वादात मनुष्य प्रतिपक्षाकडे पाहून बोलतो. अठरा वर्षे एकाच ग्रंथावर खर्ची घालताना तसे करता येत नाही.

या कार्याचे मूळ शोधू जाता बालपणापर्यंत मागे जावे लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी आपल्या कन्येस तेच धन दिले. शिक्षण सर्वस्वी मुखपाठाचे. भागवताचा मोठा भाग रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत होता. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे आणि मिळालेल्या दक्षिणेतील बराच भाग दानधर्मात वेची. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा हा जीवनक्रम कोसळला. आईवडील गेले, पुढे वडील बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी उत्तर हिंदुस्थानात भटकली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढल्याचे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनात या दिवसांची जी मीमांसा आहे, ती विशेष लक्षणीय होय. वडिलांविषयीचा आदर तीत कोठेही उणावलेला नाही. तथापि वर्णाभिमानामुळे अंगमेहनत करता येत नव्हती आणि शास्त्राध्ययनाखेरीज चरितार्थाची दुसरी विद्या ठाऊक नव्हती, हे त्यांनी स्पष्ट नमूद केले आहे. ज्या घरात विद्या भरपूर होती त्याच घरात अन्नावाचून माणसे मेली, ही जाणीव रमाबाईंना जन्मभर विसरता आली नाही. केडगावच्या मुक्तिसदनात प्रत्येक मुलीच्या हाताला काही ना काही काम असलेच पाहिजे, हा दंडक पुढे पडला, त्याचा उगम येथे दिसतो.

१८७८ मध्ये कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी पटकीने वारले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. १८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने रमाबाई इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास असताना फुलहॅम येथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा चाललेली त्यांनी पाहिली. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा तेथेच त्यांना समजावून सांगण्यात आली. नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाचाही रमाबाईंवर परिणाम झाला होता, हे खरे. तरी बुद्धीला पटलेल्या मताला फुलहॅमच्या त्या घरात कृतीचा आधार मिळाला, असेच मानावे लागते.

दीक्षा घेतली म्हणजे आज्ञाधारकता आली, अशी अपेक्षा भगिनीसंघाने केली असल्यास ती फोल ठरली. भगिनी जेराल्डीन आणि कुमारी डॉरोथिया बील यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. आपल्या देशभगिनींना न कळणारी लॅटिन तेथे का असावी, त्याऐवजी संस्कृत का नसावी, असा प्रश्न रमाबाईंनी विचारला. अभिमान या प्रश्नात आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे धर्मभाषा कोणासाठी असते, हा विचार त्यात बीजरूपाने आहे. वीस वर्षांनी हाच विचार अधिक कठोर होऊन खुद्द संस्कृतावर उलटला.

मधल्या काळातील घटना सुपरिचित आहेत. १८८६ मध्ये अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन, पुढील वर्षी त्याचे पुण्यास स्थलांतर. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला निराळे वळण लागले. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, असे तोवरच्या आठ वर्षांविषयी त्या पुढे म्हणत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली आणून त्यांनी केडगावास ठेवल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणखी आल्या. उपाशी मुलींचे हाल पाहताना स्वतःचे दिवस आठवले, असे त्यांनी १८९७ मध्ये लिहिले आहे. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग आणि तेलघाणी चालू झाली, छापखाना आला, अंध स्त्रियांना ब्रेल शिकविण्याची सोय झाली. फुलहॅमची आठवण कृपासदनाच्या रूपाने मूर्त झाली. दिनक्रम प्रार्थना, शाळा आणि काम यांत आखलेला असे.

या मुलींच्या हाती बायबल द्यावयाचे, तर ते कोणते, हा प्रश्न होता. मराठी बायबलास तेव्हा शंभर वर्षांची परंपरा होती. श्रीरामपुरास विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये छापला गेला. संपूर्ण बायबल १८४७ पर्यंत सिद्ध झाले. या भाषांतरांची भाषा पंडितांच्या साहाय्याने घडलेली, आणि म्हणून संस्कृतप्रचुर. रमाबाईंचे आक्षेप दोन होते. एक, खेड्यातील बाईला ती भाषा कळत नाही. दुसरा अधिक मूलगामी: संस्कृत धर्मपरिभाषेबरोबर तिच्यातील तत्त्वज्ञानही नकळत आत येते. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास संकोच मानला नव्हता. ओवीच्या श्रोत्याला ओळखीच्या वाटेने नव्या ठिकाणी न्यावे, ही त्यांची रीत. रमाबाईंना वैकुंठाचा अर्थ पुरेपूर ठाऊक होता, आणि नेमके म्हणूनच त्यांना तसले शब्द नकोसे वाटले. (संस्थेचे ‘मुक्ति’ हे नाव मात्र दर्शनशास्त्रातूनच आलेले राहिले, भाषेवर असा पूर्ण निर्बंध कोणालाच घालता येत नाही.)

इंग्रजीवरून भाषांतर करणे त्यांना मान्य नव्हते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी इब्री आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभिला. शेकडो आश्रितांचा कारभार, देणग्यांचा पत्रव्यवहार, रोगराई आणि वाढता बहिरेपणा यांतून वेळ काढून हे चालले. आईने पहाटे लावलेली पाठांतराची शिस्तच येथे कामी आली, असे अनुमान करण्यास हरकत नाही. ज्या विद्येने पदवी मिळवून दिली, तिचे शब्दवैभव बाजूस ठेवण्यासाठी त्याच विद्येचे परिश्रम वापरणे, हा त्याग साधा नव्हे.

भाषांतर यशस्वी झाले काय? शब्द घरगुती आहेत. परंतु मूळ वचनातील एकही अक्षर गळू नये, या निष्ठेमुळे वाक्यरचना वारंवार इब्री वळणावर जाते आणि सोप्या शब्दांचे वाक्य अवघड होऊन बसते. अशिक्षित वाचकाची कणव आणि मूळ ग्रंथाचे भय या दोन निष्ठा एकाच वाक्यात नांदविणे कठीण होते. जेथे दोहोंत विरोध आला तेथे रमाबाईंनी बहुधा दुसरीची बाजू घेतली. भाषांतरकार म्हणून हा दोष म्हणावा लागेल. ज्या श्रद्धेने काम उभे राहिले ती पाहता दुसरे काही संभवत नव्हते.

खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. त्यांतील कित्येक दुष्काळात आलेल्या होत्या, आणि तेथे येण्यापूर्वी त्यांना अक्षरओळखही नव्हती. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा भार त्यांच्यावर सोपवावयाचा होता. त्यानंतरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम पुरे होण्यास आणखी दहा दिवस मिळावेत, अशी प्रार्थना रमाबाईंनी केली आणि ते पुरे होताच देह ठेवला, अशी आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी मानावी की न मानावी, हा प्रश्न गौण आहे. निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले, आणि तोवर हस्तलिखित पूर्ण होते, एवढे निश्चित. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीची आवृत्तीच चालू राहिली.