आधीं कोणाला पाहावें ?

वढू बुद्रुक हें शिरूर तालुक्यांतील गांव महाराष्ट्राला ठाऊक आहे तें छत्रपति संभाजीमहाराजांच्या समाधीमुळें. १६८९ सालचा तो दारुण प्रसंग आठवून यात्रेकरू नगर रस्ता सोडतो, समाधीपुढें मस्तक नमवितो आणि आल्या वाटेनें परत जातो. त्याच गांवांत दुसऱ्या एका इतिहासाचीं साधनें गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें साठत आलीं आहेत, तिकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. हा इतिहास राजांचा नव्हे, रोग्यांचा आहे. त्यांत लढाया नाहींत, ताप, खोकला, बाळंतपणें आणि मृत्यु आहेत. कृत्रिम बुद्धीनें रोग्यांची निवड करावी कीं नाहीं, या वादाचा आज सर्वत्र गवगवा चालला आहे. हा वाद जणूं काल-परवां जन्मला अशा थाटांत दोन्ही पक्ष बोलतात. वास्तविक त्याचीं मुळें फार जुनीं असून त्यांतलें एक वढूच्या मातींत आहे.

प्रश्न दिसावयास साधा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर साठ माणसें बसलीं आहेत, डॉक्टर एक आहे आणि दुपार व्हावयास आली आहे. आधीं कोणाला पाहावें, कोणाला ‘उद्यां या’ म्हणावें, आणि कोणाला त्याच घटकेला गाडींत घालून पुण्यास धाडावें ? या निवडीला फ्रेंच लोक ‘त्रियाज’ म्हणतात. लोकर, कॉफी असल्या मालाची प्रत लावण्याच्या कामावरून हा शब्द आला आणि पुढें लष्करी इस्पितळांत रुळला. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे (१७६६–१८४२) यानें असा दंडक घातला कीं, जखमी मनुष्याचा हुद्दा पाहूं नये, जखम पाहावी. अधिक घायाळ असेल त्याला आधीं हात लावावा. आज आपणांस हें उघड सत्य वाटतें. परंतु सरदार आधीं आणि शिपाई मागाहून, हाच क्रम जेव्हां सृष्टिनियमासारखा मानला जात होता, तेव्हां हा दंडक म्हणजे एक लहानशी राज्यक्रांतीच होती.

आपल्याकडेहि निवडीचा विचार झालेला आहे, पण त्याचा रोख निराळा. चरकसंहितेंत सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे रोगांचे भेद केले असून, ज्याला उपाय नाहीं अशा रोगांत हात घालणारा वैद्य द्रव्य, विद्या आणि यश गमावतो, असा इशाराहि तेथें दिला आहे. हें व्यवहारज्ञान आहे, त्याला हंसण्याचें कारण नाहीं. तथापि दोहोंतील अंतर ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. एकींत रोग्याची निकड मोजली जाते. दुसरींत वैद्याच्या यशाची शक्यताहि तागडींत पडते. निवड करणारा मनुष्य असो वा यंत्र असो, तो नेमकें काय मोजतो हें विचारल्याशिवाय त्याच्या निवाड्यापुढें मान तुकवूं नये.

निवडीचा आणखी एक प्रकार पुणेंकरांनीं १८९७ सालीं भोगला. प्लेगच्या त्या दिवसांत रँडसाहेबांच्या कमिटीनें गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या घेवविल्या आणि रोगी व संशयित माणसें वेगळीं काढण्याचा सपाटा लाविला. सांथींत रोग्याला वेगळें ठेवणें हें तत्त्व खोटें नव्हतें. पण देवघरापर्यंत बूट घालून शिरणाऱ्या शिपायाच्या हातीं तें तत्त्व गेलें, आणि लोक आजारी माणूस लपवूं लागले. निवड करणाऱ्यावर भरंवसा नसला म्हणजे रोगी खोटें सांगतो किंवा मुळीं पुढेंच येत नाहीं. मग नियम कितीहि शास्त्रशुद्ध असला तरी तो कोणाला निवडणार? गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जूनच्या रात्रीं त्या प्रकरणाचें जें पर्यवसान झालें तें सर्वश्रुत आहे.

१९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल सादर करून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना देशापुढें ठेविली. स्वातंत्र्यानंतर केंद्रें निघालीं, इमारती उभ्या राहिल्या. पण डॉक्टर खेड्यांत टिकेना, आणि टिकला तरी भोंवतालच्या गांवांतला खरा निकडीचा रोगी त्याच्यापर्यंत वेळेवर पोंचेना. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७२ सालीं वढूचें काम हातीं घेतलें तें याच दुखण्यावर उपाय म्हणून. बाई मुंबईच्या पारशी कुटुंबांतल्या. १९४४ पासून त्या के. ई. एम. मध्यें काम करीत होत्या. शहरांतील रुग्णालयाच्या दाराशीं खेड्यांतून येणाऱ्या स्त्रिया अगदीं शेवटच्या घटकेला येतात, हें त्यांनीं वर्षानुवर्षें पाहिलें असलें पाहिजे. त्यांनीं गांवांतल्याच स्त्री-पुरुषांना हाताशीं धरून आरोग्याचें शिक्षण दिलें. अशा कार्यकर्त्याला रोगांचीं लॅटिन नांवें पाठ करण्याची गरज नसते. कोणत्या गरोदर बाईच्या चेहऱ्यावर सूज आहे, कोणाचें तान्हें दूध ओढत नाहीं, कोणाचा खोकला महिना लोटला तरी हटत नाहीं, एवढें ओळखून योग्य माणूस योग्य वेळीं डॉक्टरपुढें नेला म्हणजे त्याचें काम झालें. निदान डॉक्टराचें, निवड गांवाची, अशी ही वांटणी होती. १९९३ सालीं बाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

या वांटणीला गणिताची जोड कशी मिळाली हें पाहावयाचें तर थोडा वेळ शिरूर सोडून गडचिरोलीस जावें लागेल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं तेथें लहान मुलांच्या न्युमोनियाचा प्रश्न हातीं घेतला. छातीला नळी लावणारा डॉक्टर जवळ नसतां हा रोग ओळखावा कसा ? पापुआ न्यू गिनींतील अनुभवावरून असें दिसून आलें होतें कीं, मुलाचे श्वास मोजणें हीच सर्वांत खात्रीची खूण आहे. दोन महिन्यांखालील मुलाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आंतील मुलाचे पन्नास आणि पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस, ही जागतिक आरोग्य संघटनेनें पुढें घालून दिलेली मर्यादा. तेवढे किंवा त्याहून अधिक श्वास झाले कीं औषध सुरू करावें. पण गांवच्या सुईणीला पन्नासापर्यंत मोजतां येत नसे. म्हणून बंग दांपत्यानें वाळूचें घड्याळ आणि मणी यांचें एक साधन केलें. दर दहा श्वासांमागें एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आंत तांबडा मणी सरकला तर न्युमोनिया. १९९० सालीं या कामाचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झाला. उपाययोजना झालेल्या गांवांत पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्युमोनियानें ८.१ मृत्यु घडले. शेजारच्या तुलनेच्या गांवांत १७.५.

मण्यांच्या या साधनाला कोणी कृत्रिम बुद्धि म्हणणार नाहीं. परंतु संगणकाच्या पोटांत जें चालतें त्याचें हें उघडें रूप आहे. लक्षण घ्यावें, तें मोजावें, मर्यादेशीं ताडून पाहावें, निवाडा द्यावा. यांत चूक होतेच. दम्यानें धापा टाकणारें मूल या मापांत न्युमोनियाचें ठरतें आणि त्याला नको असलेलें औषध मिळतें. पण न्युमोनियाचें मूल घरीं राहण्यापेक्षां ही चूक स्वस्त, हा सौदा समजून-उमजून केलेला होता. शिवाय तांबडा मणी सुईणीला दिसे तसा मुलाच्या आईलाहि दिसे. वाद घालावयाचा तर त्याच ओट्यावर घालतां येई. आजच्या यंत्रांविषयीं माझी मुख्य तक्रार हीच आहे कीं, त्यांचा तांबडा मणी कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं.

वढूचें काम सुरू झालें त्याच १९७२ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें डी डोंबाल आणि त्यांचे सहकारी यांनीं पोटाच्या तीव्र दुखण्याचे ३०४ रोगी संगणकाच्या आणि डॉक्टरांच्या परीक्षेस लाविले. संगणकाचें निदान शेंकडा ९१.८ वेळां बरोबर ठरलें. ज्येष्ठांतील ज्येष्ठ डॉक्टराचें ७९.६ वेळां. या आंकड्यांचें आश्चर्य करणारे आश्चर्य करोत. मला त्यापुढील हकीकत अधिक बोधक वाटते. हीच व्यवस्था कोपनहेगनच्या रोग्यांवर लावून पाहिली तेव्हां तिचें तेज पुष्कळच उतरलें. कारण उघड आहे. अमुक ठिकाणीं दुखतें म्हणजे अमुक रोगाचा संभव इतका, हें प्रमाण लीड्सच्या रोग्यांवरून काढलेलें होतें. गांव बदललें, रोगांची वांटणी बदलली, प्रश्न विचारण्याची आणि उत्तर देण्याची रीतहि बदलली. यंत्राला या बदलाचा पत्ता नव्हता.

असें यंत्र अखेर शिरूर तालुक्यांतहि आलें, पण जिवंतांसाठीं नव्हे. २००२ सालापासून के. ई. एम. च्या संशोधन केंद्रानें वढू परिसरांतील २२ गांवांत घरोघर फिरून जन्म, मृत्यु आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवण्याचा परिपाठ घातला. खेड्यांत मृत्यूचें कारण सांगावयास बहुधा डॉक्टर नसतो. म्हणून कार्यकर्ता घरीं जाऊन आप्तांना विचारतो : ताप किती दिवस होता ? धाप लागत होती काय ? बाई गरोदर होती काय ? या उत्तरांवरून मृत्यूचें कारण ठरविण्याला तोंडी शवपरीक्षा म्हणतात. पीटर बायस यांनीं तयार केलेला ‘इंटरव्हीए’ हा संगणकीय कार्यक्रम संभाव्यतेच्या गणितानें तें कारण ठरवितो, आणि २०१४ सालीं आफ्रिका-आशियांतील २२ ठिकाणांचे जे निष्कर्ष त्याच्या साह्यानें प्रसिद्ध झाले त्यांत वढूचाहि समावेश होता. या कार्यक्रमाची एक गोष्ट मला फार आवडते. तो चालविण्यापूर्वीं या प्रांतांत हिंवताप जास्त कीं कमी, एड्सचा प्रादुर्भाव जास्त कीं कमी, हें त्याला सांगावें लागतें. कोपनहेगनचा धडा त्याच्या रचनेंतच घातलेला आहे.

मेलेल्यांचा निवाडा चुकला तर कोष्टक चुकतें. जिवंतांचा चुकला तर माणूस जातो. आतां तींच तत्त्वें जिवंतांना लागूं झालीं आहेत. आशा कार्यकर्ती तिशीच्या पुढील प्रत्येक माणसाचें वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यांतले रोग विचारून गुण मांडते. बेरीज चारावर गेली तर त्या माणसाला तपासणीसाठीं आधीं बोलावितात. क्षयरोगासाठीं छातीचीं क्ष-किरण चित्रें संगणकानें वाचावीं, पंधरा वर्षांवरील माणसांत तो मानवी वाचकाच्या जागीं चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं केली. मुंबईच्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीचें यंत्र या कामीं परदेशांतहि वापरलें जातें. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेंत उपकेंद्रावरील आरोग्य अधिकारी रोग्याला पडद्यावर डॉक्टरपुढें उभा करतो, आणि लक्षणें कशीं विचारावीं व कोणते रोग संभवतात हें सुचविणारी कृत्रिम बुद्धि त्या सेवेला जोडलेली आहे. क्ष-किरणाच्या चित्राबद्दल माझी तक्रार नाहीं. चित्र खोटें सांगत नाहीं, लाजत नाहीं, सासूकडे पाहत नाहीं.

प्रश्न तोंडी लक्षणांचा आहे, आणि जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या यंत्राचा आहे. २०१९ सालीं ‘सायन्स’ पत्रांत ओबरमायर प्रभृतींनीं अमेरिकेंतील अशाच एका यंत्राची परीक्षा केली. अधिक काळजीची गरज कोणाला, हें तें यंत्र ठरवीत असे. पण मोजीत असे उपचारांवर झालेला खर्च. कृष्णवर्णीय रोग्यांवर तेवढ्याच आजारांत कमी खर्च झालेला असल्यामुळें यंत्राच्या लेखीं ते अधिक निरोगी ठरले. लारेनें हद्दपार केलेला हुद्दा पैशाच्या रूपानें मागल्या दारानें परत आला, आणि तो आणणाऱ्यांच्या मनांत तसा हेतुहि नव्हता.

शिरूर-दौंडांत हा मागला दरवाजा कोठें आहे हें शोधण्यासाठीं फार हिंडावें लागत नाहीं. दोन्ही तालुके भीमा-घोडच्या पाण्यावरचे, उसाचे. पावसाळा सरला कीं मराठवाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातात. केडगांवच्या बाजूला गुऱ्हाळांवर परप्रांतांतले मजूर असतात, रांजणगांवच्या कारखान्यांत तर सगळा हिंदुस्थान आहे. तोडणीच्या दिवसांत दवाखान्यांत जाणें म्हणजे मजुरी बुडविणें; म्हणून ती बाई जात नाहीं, म्हणून तिची नोंद होत नाहीं, आणि जेथें नोंद नाहीं तेथें यंत्राला आजार दिसत नाहीं. बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं गेल्याचा प्रश्न २०१९ सालीं उठला व शासनाला समिती नेमावी लागली, तो कांहीं कोणा यंत्रानें उठविला नव्हता.

केडगांव म्हटलें कीं पंडिता रमाबाईंचें नांव येतेंच. १८९६-९७ च्या दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींसाठीं त्यांनीं तेथें मुक्ति सदन वसविलें आणि १९२२ सालीं त्यांचा देहान्तहि तेथेंच झाला. पण त्याच्या किती तरी आधीं, १८८२ सालीं, हंटर शिक्षण आयोगापुढें पुण्यास साक्ष देतांना या बाईनें स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण द्यावें अशी मागणी केली होती. कारण तिनें स्वच्छ सांगितलें : या देशांतल्या स्त्रिया आपलें दुखणें पुरुषाला सांगत नाहींत, आणि त्यापायीं मरतात. यंत्राला ती बाई सांगेल काय ? कांहींजणी सांगतीलहि, यंत्र चहाड्या करीत नाहीं असें वाटून माणसापेक्षां मोकळेपणानें सांगतील, हें मी नाकारीत नाहीं. पण उपकेंद्रांत प्रश्न विचारणारा बहुधा कोणी तरी माणूसच असतो, शेजारीं नवरा किंवा मुकादम उभा असतो, आणि बाई म्हणते, ‘जरा अशक्तपणा आहे.’ पडद्यावर उमटतो तो अशक्तपणा. पुढचें सगळें गणित बिनचूक झालें तरी तें अशक्तपणाचें होतें.

यंत्रानें ज्याला ‘उद्यां या’ म्हटलें त्याचें पुढें काय झालें, हें घरोघर जाऊन पाहिल्याखेरीज त्याचा खरेखोटेपणा कळावयाचा नाहीं. तें पाहण्याची संवय, वह्या आणि माणसें वढूच्या त्या २२ गांवांत आहेत. तीं गांवें शिरूर आणि हवेली या तालुक्यांतलीं आहेत. दौंड तालुक्यांतलें एकहि गांव त्यांत नाहीं.