फुटवे आणि बीज : अननस कुलाचा प्रवास व वऱ्हाडातील वनस्पती-संवर्धन

प्रस्तावना :
इ.स. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगल सत्तेखाली आला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सुभा बेरारमधील गाविल व नरनाळा या सरकारांची नोंद आढळते. आज गाविलगड अमरावती जिल्ह्यात, तर नरनाळा अकोला जिल्ह्यात आहे. याच ग्रंथात अननसाला ‘प्रवासी फणस’ म्हटले आहे. कारण त्याचे रोप भांड्यात लावून प्रवासात नेता येत असे. प्रस्तुत निबंधात अननस व त्याच्या कुलातील पुया या काटेरी वनस्पतीच्या इतिहासाची तुलना केली आहे.

अननसाचा प्रसार :
दक्षिण अमेरिकेतील अननस पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात भारतात आणला. आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारो अननस येत असल्याचे जहांगीराने आत्मचरित्रात नमूद केले आहे. या जलद प्रसारामागे फळाची गोडी होतीच. शिवाय फुटवे किंवा फळावरील शेंडा लावून नवे रोप तयार होत असल्याने बियांची गरज पडली नाही.

पुयाचे वेगळेपण :
चिलीचा निसर्गअभ्यासक मोलिना याने १७८२ मध्ये ‘पुया’ ही प्रजाती नोंदविली. अँडीज पर्वतावरील महाकाय जातीचे वर्णन आंतोनियो रायमोंडी याने १८७४ मध्ये केले. पुढे १९२८ मध्ये हार्म्सने तिला त्याच्यावरून ‘पुया रायमोंडी’ हे नाव दिले. ही वनस्पती समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर अनेक दशके वाढते, एकदाच फुलते, लक्षावधी बिया देते आणि मरते. तिच्या पानांच्या कडांवर आकड्यांसारखे काटे असतात. बी बारीक व पंखयुक्त असून रुजण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. म्हणून ते निचऱ्याच्या मातीवर पसरतात, गाडत नाहीत. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात बियांपासून वाढविलेले रोप सुमारे २८ वर्षांनी, १९८६ मध्ये फुलले. दुसरे रोप २०१४ मध्ये फुलले. निसर्गात मात्र ही जाती आज संकटग्रस्त आहे.

वऱ्हाडाचा संदर्भ :
चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर आहे, तर अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पाणी धरून ठेवणारी काळी जमीनही पुयाला मानवणारी नाही. त्यामुळे येथे तिची लागवड हा फार तर कुंडीतील अभ्यासप्रयोग ठरेल. परंतु तिचा धडा वऱ्हाडालाही लागू पडतो. मेळघाटातील बांबूही काही दशकांनी समूहाने फुलतो, बी धरतो व वाळतो. त्या हंगामात बी जमविले नाही अथवा नवी रोपे वणवा व चराईपासून राखली नाहीत, तर पुढील संधी येण्यास एक पिढी जाते.

निष्कर्ष :
फुटव्यांनी अननस जगभर पोहोचविला. पुयाचा वंश मात्र बियांवरच अवलंबून राहिला. महाविद्यालयीन उद्यानांतून केवळ रोपांची नावे लिहिली जातात. त्यांसोबत बी कोठून व केव्हा आणले, ते कधी रुजले आणि झाड कधी फुलले, याचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. दीर्घायुषी वनस्पतीचे जीवनचक्र एका अध्यापकाच्या सेवाकाळात पूर्ण होत नाही. ते पुढील पिढीला समजण्याचे साधन ही नोंदवहीच होय.